गोळीचे नाव आणि मुलीचे दुखणे



या खेपेस एका आईचे पत्र सदरासाठी घेतले आहे. पत्र एकीचे असले तरी प्रश्न बऱ्याच घरांतला आहे. तो दबक्या आवाजात, मोरीच्या आडोशाला बोलला जातो आणि तिथेच विरून जातो. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. वडीलमंडळींनीही ते वाचावे, कारण या प्रकरणात औषध अडले आहे ते वडिलांच्या हातून.

ही भगिनी अंबरनाथला राहते. माहेर आणि सासर दोन्ही भंडारा जिल्ह्यातले. मालक कारखान्यात कंत्राटी कामाला, ती स्वतः चार घरची धुणीभांडी करते. ती लिहिते :

“ताईंना सप्रेम जयभीम. माझी मोठी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. बाराव्या वर्षी तिला पाळी आली. पहिले वर्ष बरे गेले. आता कधी पंधरा दिवसांनी येते, कधी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की नऊ-दहा दिवस थांबत नाही. रात्री दोनदा उठून कपडा बदलते. गाठी पडतात. महिन्यात चार-पाच दिवस शाळा बुडते. जिना चढताना धाप लागते. सरकारी दवाखान्यात नेले तर रक्त ८.२ भरले. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि २१ दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिने घ्यायला सांगितल्या. हे मेडिकलमध्ये गेले तर दुकानदाराने विचारले, कोणासाठी? पाकिटावर संततिनियमनाचे लिहिलेले पाहून हे तसेच परत आले. सासूबाई म्हणतात, कुवाऱ्या पोरीला असल्या गोळ्या देऊन तिची कूस वांझ करता काय, उद्या सोयरीक कशी जुळेल? माझ्या नणंदेची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली, तिलाही असाच त्रास होता. मला रात्री झोप येत नाही. गोळ्या द्याव्या की देऊ नये, ते कळवावे.”

ताई, तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे करून एकेक पाहू.

हे सोसण्याजोगे आहे काय?

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे हे नवल नाही. मेंदूतील ग्रंथी, बीजकोश आणि गर्भाशय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. बीजकोशातून बीज बाहेर पडले की त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचा अंतःस्राव तयार होतो. ही अंतःस्रावे म्हणजेच डॉक्टर ज्यांना हार्मोन म्हणतात ती. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला आवर घालते. कोवळ्या वयात मात्र कित्येक महिने बीज बाहेरच पडत नाही. मग इस्ट्रोजेन या दुसऱ्या अंतःस्रावाच्या जोरावर अस्तर वाढतच राहते, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसे जागोजागी सुटू लागते. म्हणून पाळी उशिरा येते आणि आली की लवकर थांबत नाही. यात मुलीचा काही दोष नाही. तिने उष्ण खाल्ले, उड्या मारल्या, वजन उचलले म्हणून हे होत नाही.

पण नवल नाही म्हणजे सोसावे, असे मात्र नव्हे. पुढील खुणा ध्यानात ठेवा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते. पॅड किंवा कपडा तासा-दोन तासांत भिजतो. रात्री बदलण्यासाठी उठावे लागते. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त दिवस जातात, किंवा सलग तीन महिने पाळीच येत नाही. मुलगी फिकी दिसते, चालताना दम लागतो, पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ चघळते. ही चघळण्याची सवय अनेकदा अंगातले लोह कमी झाल्याची खूण असते. त्यासाठी मुलीला मारू नका, तिचे रक्त तपासा. यातली एक खूण असली तरी डॉक्टरांना दाखवावे. तुमच्या मुलीत, ताई, चार-पाच आहेत.

रक्ताचा ८.२ हा आकडाही समजून घ्या. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ८ च्या खाली तो तीव्र समजतात. तुमची मुलगी त्या रेषेच्या अगदी काठावर उभी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला. इतक्या मुली फिक्या असल्या की फिकेपणच स्वाभाविक वाटू लागते. वर्गात डुलक्या घेणारी, गणितात मागे पडलेली मुलगी आळशी ठरते. खरे पाहता तिच्या मेंदूपर्यंत पुरेसा प्राणवायूच पोचत नसतो.

आधी नीट तपासणी

डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली ते चुकले नाही. तरी गोळी सुरू करण्याआधी आणखी काही गोष्टी त्यांना विचारून घ्या.

पहिली गोष्ट, संपूर्ण रक्ततपासणी झाली काय? त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कळतात. थायरॉइडची तपासणीही विचारा. मुलीच्या नाकातून वरचेवर रक्त येते काय, दात पडले किंवा काढले तेव्हा रक्त बराच वेळ थांबले नव्हते काय, हलक्या माराने काळेनिळे डाग पडतात काय, हे आठवून सांगा. काही मुलींना जन्मतःच रक्त न गोठण्याचा विकार असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतूनच लक्षात येतो. तुमच्या नणंदेला असाच त्रास होता, हेही जरूर सांगा. बापाकडच्या बायकांचा इतिहास इथे तितकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट, सिकलसेल. तुम्ही मूळच्या भंडाऱ्याकडच्या आहात म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. पूर्व विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही हा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. मुंबईकडच्या डॉक्टरांना तुमचे मूळ गाव ठाऊक नसते, म्हणून ते आपण होऊन सांगावे. ‘ए-एस’ म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. ‘एस-एस’ म्हणजे रुग्ण. मुलगी एस-एस असेल तर तिचा रक्तक्षय केवळ लोहाने भरून येणार नाही. शिवाय या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच जास्त असल्याने इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल असतो. ते दुसरे औषध निवडतात. वाहक मुलीला गोळी बहुधा चालते, पण डॉक्टरांना ते माहीत असले पाहिजे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. विदर्भात ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. घरात कोणाचे लाल किंवा पिवळे कार्ड असेल तर ते सोबत न्या.

तिसरी गोष्ट, अनेक आयांना भीती असते की डॉक्टर मुलीची आतून तपासणी करतील. त्याची गरज सहसा पडत नाही. पाणी पिऊन, लघवी रोखून पोटावरून सोनोग्राफी करता येते. गर्भाशय आणि बीजकोश त्यात दिसतात. मुलीला तपासताना आईने जवळ थांबावे, आणि मुलीला विचारूनच हात लावावा, असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लघवीची गर्भतपासणी सांगितली तर राग धरू नका. पाळी बिघडलेल्या प्रत्येकीला डॉक्टर ती सांगतात. त्यात तुमच्या मुलीवर संशय नाही.

पाकिटावरचे नाव

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पाकिटावर संततिनियमन लिहिले आहे, मग ही गोळी पाळीसाठी कशी?

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अशा जातीची पहिली गोळी अमेरिकेत १९५७ साली सरकारमान्य झाली ती पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. संततिनियमनासाठी तिला मान्यता मिळाली त्यानंतर तीन वर्षांनी, १९६० साली. म्हणजे पाळीचे दुखणे हेच तिचे पहिले काम. पुढे दुसऱ्या कामामुळे तिचे नाव झाले आणि पहिले काम लोक विसरले. औषधाला नावाने ओळखू नये, गुणाने ओळखावे. ॲस्पिरिन आपल्याकडे डोकेदुखीची गोळी म्हणून ठाऊक. आज तीच हृदयविकाराच्या रोग्याला रोज देतात. त्याचे डोके दुखते असे कोणी म्हणत नाही.

ती काम कशी करते? २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन जातीचे अंतःस्राव अगदी अल्प मात्रेत असतात. ते रोज ठरावीक प्रमाणात मिळाले की गर्भाशयाचे अस्तर बेसुमार वाढत नाही, पातळ राहते. २१ दिवसांनी गोळी थांबली की ते थोडक्यात पडून जाते. रक्त कमी जाते, कळा कमी येतात, आणि पाळी कोणत्या आठवड्यात येणार ते आधी कळते. सरकारी ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ औषधाच्या आणि ७ लोहाच्या. पाकीट बनवणाऱ्यांनाही बायकांच्या रक्ताची काळजी होती, हे त्यावरून दिसते.

प्रत्येक मुलीला हीच गोळी लागते असे नाही. नुसत्या कळा येत असतील आणि रक्त बेताचे जात असेल, तर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्रुफेन यांसारखी वेदनाशामक गोळी जेवणानंतर, पाळीचे पहिले दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेत पुरते. ती घेतल्यावर अंगावर पुरळ आणि ताप आला तर थांबवून लगेच दाखवावे. पाळी वेळेवर येते पण रक्त फार जाते, अशा मुलीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत देतात; त्यात अंतःस्राव नसतात. पाळी बेभरवशाची, रक्तस्राव दहा दिवसांचा आणि रक्त ८ वर आलेले, अशा मुलीला मात्र अंतःस्रावाचा आधार देऊन गळती थांबवणे हाच सरळ मार्ग ठरतो. गळक्या हंड्यात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही. लोहाच्या गोळ्या म्हणजे पाणी, आणि ही गोळी म्हणजे भोक बुजवणे.

आपल्या वस्तीतली आणखी एक रीत पाहा. घरात लग्न असले, हळदीचा दिवस ठरला, शेजारच्या पूजेचे बोलावणे आले की मुलीची पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात. चिठ्ठी नसते, तपासणी नसते. त्या गोळीत नॉरेथिस्टेरॉन असते. तीही अंतःस्रावाचीच गोळी आहे आणि तिची मात्रा लहान नसते. विटाळ नको म्हणून ती चालते, आणि मुलीचे रक्त वाचावे म्हणून डॉक्टरांनी तपासून दिलेली चालत नाही, हे कसे? ज्या शब्दाने आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले, तो शब्द आपल्याच लेकीच्या अंगाला आपण लावावा काय?

सासूबाईंच्या शंका

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी जे पाहिले त्यातून त्या बोलतात. त्यांच्या शंकांना उत्तर द्या.

कूस वांझ होते काय? होत नाही. गोळी थांबवल्यावर शरीर आपल्या चालीवर परत येते. बहुतेकींना एक ते तीन महिन्यांत. आधीपासून पाळी अनियमित असेल तर गोळी थांबवल्यावर ती पुन्हा तशी दिसू शकते. मग लोक गोळीला दोष देतात, पण तो मूळचा त्रास असतो.

उंची खुंटते काय? पाळी येते तोवर उंचीची मोठी वाढ झालेली असते. तुमच्या मुलीला पाळी येऊन दोन वर्षे झाली आहेत. या कमी मात्रेच्या गोळीने तिची उंची अडत नाही.

वजन वाढते काय? काहींना सुरुवातीला अंग जड वाटते. पण गोळीने वजन मोठ्या प्रमाणात वाढते असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही.

कर्करोग होतो काय? ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांत बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. चौदाव्या वर्षी तो धोका मुळातच अत्यंत कमी असतो.

मुलगी बिघडेल काय? रक्तक्षयाचे औषध घेऊन कोणी बिघडत नाही. मुलीचे वळण घरातल्या विश्वासावर ठरते, पाकिटावर नव्हे. ज्या मुलीचे दुखणे आईबापांनी लाज न धरता ऐकले, ती पुढेही काही अडचण आली तर आधी आईबापांकडेच येते.

आणि सोयरीक? ८ रक्त असलेल्या मुलीची सोयरीक जुळली तरी पुढचे बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकते. आज रक्त भरून काढणे हीच तिच्या संसाराची तयारी आहे. चाळीला सांगायचे कारण नाही. मुलीला रक्तक्षय आहे, औषध चालू आहे, एवढे उत्तर पुरे. ते खोटेही नाही.

कोणाला देऊ नये, कधी धावावे

या गोळीचे गुण सांगितले तसे तोटेही सांगितले पाहिजेत. पहिले दोन-तीन महिने मळमळ, छाती दुखरी होणे, अधूनमधून डाग पडणे असे होऊ शकते. ते बहुधा आपोआप थांबते.

मोठा पण विरळा धोका रक्ताच्या गुठळीचा. गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे ३ ते ९ जणींना तो होतो. न घेणाऱ्यांत हे प्रमाण १ ते ५ असते, आणि गरोदरपणात गोळीपेक्षाही जास्त, ५ ते २०. तरीही खुणा माहीत हव्यात. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत कळ, अचानक धाप, कधी नव्हे असे जबर डोके दुखणे, नजर अंधुक होणे, बोलताना जीभ अडखळणे, यांपैकी काही झाले तर गोळी बंद करून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

मुलीला अर्धशिशी असून डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक किंवा नागमोडी रेषा दिसत असतील, घरात कमी वयात कोणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, रक्तदाब जास्त असेल, काविळीचा किंवा यकृताचा आजार चालू असेल, तर तसे आधी सांगावे. अशा मुलीला ही गोळी देत नाहीत. क्षयाचे रिफॅम्पिसिन किंवा फिटचे औषध चालू असेल तरी सांगावे. काही औषधांनी गोळीचा गुण कमी होतो. मुलगी मिश्री लावत असेल तर तेही लपवू नये.

म्हणूनच दुसऱ्या कोणाच्या पाकिटातली गोळी आपल्या मुलीला देऊ नका. आशाताईंकडे माला-एन असते, ‘छाया’ नावाची आठवड्याची गोळी असते, ‘अंतरा’चे इंजेक्शन दवाखान्यात मिळते, ती सारी विवाहित स्त्रियांच्या नियोजनासाठी आहेत. अंतराच्या इंजेक्शनाने हाडांची घनता काही काळ कमी होते, म्हणून कोवळ्या मुलीला ते सहसा पहिल्यांदा देत नाहीत. तुमच्या मुलीचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच चालावे.

घ्यायची कशी?

रात्रीच्या जेवणानंतर, रोज एकाच वेळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीची खूण करावी आणि रक्त गेले त्या दिवशी लाल फुली मारावी. तीन महिन्यांनी तेच कॅलेंडर डॉक्टरांना दाखवावे. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. मधेच बंद करू नये; पाकीट अर्ध्यावर सोडले की रक्तस्राव पुन्हा उसळतो. सासूबाईंनी हरकत घेतली म्हणून आठव्या दिवशी थांबवायचे असेल तर सुरू न करणेच बरे. तीन ते सहा महिने देऊन रक्त भरून आले की बहुधा थांबवून पाहतात.

दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल, मुलीला चक्कर येऊन ती पडली असेल, तर गोळीवर विसंबू नका, रुग्णालयात न्या.

लोहाची गोळी सोबत चालूच ठेवावी आणि रक्त १२ वर गेल्यावरही सुमारे तीन महिने. चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. शौच काळे झाले तर घाबरू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही लोह कमी होऊ नये म्हणून असते. रक्त ८ वर आलेल्या मुलीला तेवढी पुरत नाही, हे बाईंनाही सांगावे. ताटात कलेजी, मटण, सुकट, बोंबील, हरभरे, पालेभाजी, नाचणी जे परवडेल ते. आणि मुलीच्या ताटात ते भावाच्या ताटाआधी पडावे.

निर्णय कोणाचा?

या सगळ्यात एका व्यक्तीचे मत पत्रात आले नाही. मुलीचे. वडील, आजी, दुकानदार, डॉक्टरबाई, सगळे बोलले. जिचे अंग दुखते ती गप्प आहे. तिला जवळ बसवून सांगा की हे दुखणे काय आहे, गोळी काय करते, तिच्यावर दुसऱ्या कामाचे नाव का लिहिले आहे, कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच सांगायचे. तिला प्रश्न विचारू द्या. चौदा वर्षांच्या मुलीला हे समजते. जी गोळी ती चोरून आणि लाजून घेईल ती विसरेल. जी समजून घेईल ती वेळेवर घेईल.

मालकांना सांगा की त्यांनी स्वतः दवाखान्यात यावे आणि मनातली भीती डॉक्टरबाईंपुढे बोलून दाखवावी. लेकीच्या औषधासाठी दुकानात जायला बापाने लाजू नये. या विषयाची लाज आपल्या परंपरेत बसत नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांची बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली होती. शरीराविषयी शास्त्रशुद्ध बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हे तेव्हाच सांगून झाले आहे.

शेवटी तुमच्या नणंदेविषयी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत कितीतरी ऐन तरुण होत्या. कष्टकरी बाईचे पाळीचे दुखणे वर्षानुवर्षे कोणी ऐकत नाही. शेवटी एक दिवस पिशवीच काढून टाकतात. कामावरचा खाडा चुकतो, पण कमी वयात पिशवी गेली की बीजकोशांचे कामही लवकर आटोपण्याची भीती असते, आणि सोबत बीजकोशही काढले असतील तर हाडे ठिसूळ होतात, अंगाचा दाह होतो. नणंदेला चौदाव्या वर्षी कोणी असे तीन महिन्यांचे औषध लिहून दिले असते तर कदाचित अठ्ठाविसाव्या वर्षी ती वेळ आली नसती. सासूबाईंना हेच सांगा. त्या आपल्या लेकीचे दुखणे विसरल्या नसतील.

तर ताई, माझे उत्तर असे. तपासण्या पूर्ण करा, सिकलसेलचे विसरू नका, वर सांगितलेली अडचण नसेल तर डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने गोळी सुरू करा आणि नेमाने पुरी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. किशोरवयीन मुलामुलींसाठी अनेक रुग्णालयांत वेगळा कक्षही असतो, केसपेपरच्या खिडकीवर विचारा. तीन महिन्यांनी रक्ताचा आकडा किती झाला ते कळवा. मुलगी दहावीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून बसली पाहिजे.

जयभीम.